शाळेपुरतं काळजाला भोक

नववीत असताना माझ्या काळजाला भोक होतं. जूनमध्ये पडलं आणि दिवाळीच्या आत बुजलं. पाडलं आमच्या आत्यानं आणि बुजवलं, तिच्याच म्हणण्याप्रमाणं, तुळजापूरच्या देवीनं. ज्या काळजात ही सगळी उलाढाल चालली होती ते माझं होतं, पण मला कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती, सांगायची होती.

आमचं गाव तुळजापूरच्याच जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं. दहावीपर्यंतची शाळा, पुढं ऐसपैस मैदान, कडेला लिंबाची झाडं. वेळापत्रकात खेळाचा तास सगळ्यांना सारखा होता. घंटा झाली की मुलं मैदानावर पळायची आणि मुली व्हरांड्यात बसायच्या. तिथं खिचडीच्या तांदळाचं पोतं सोडलेलं असायचं. आम्ही ताटं घेऊन खडे निवडायचो. आमच्या जिल्ह्याच्या पोरी खो-खोत देशभर नाव काढतात हे मला चांगलं माहीत होतं, कारण तांदूळ पसरायला जो पेपर अंथरायचो त्यात त्यांचे फोटो असायचे. एखादीच्या गळ्यात पदक, आणि त्या पदकावर आमच्या खड्यांचा ढीग.

यात शाळेला एकटीला दोष देऊन भागणार नाही. आईबापच दर जूनला येऊन लेकीसाठी खेळातून सूट मागायचे. खरं कारण ऊन. पोरगी उन्हात पळाली की काळवंडते, आणि काळवंडली की पाहुणे नाक मुरडतात. पण शाळेत जाऊन असं कसं सांगायचं, म्हणून आजार सांगायचे. कुणाला दम, कुणाला पित्त, कुणाच्या पोटात गोळा. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, अख्खं हायस्कूलभर चक्कर होती. प्रत्यक्षात तिला चक्कर आली ती एकदाच, जत्रेतल्या पाळण्यात, आणि तेव्हाही ती खाली उतरायला तयार नव्हती.

मला मात्र पळायचं होतं. हे मी गमतीनं सांगत नाही. मुलांचा खो-खो सुरू झाला की ताटाखाली माझे पाय आपोआप हलायचे आणि निवडलेले खडे परत तांदळात जायचे. ओळीनं बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी पळायचं, एकाला डावीकडून टाकायचं, पुढच्याला उजवीकडून, याला साखळी म्हणतात. ती मी बघून बघून शिकले आणि घरी गोठ्यात करायला लागले. आमच्या दावणीला जनावरं ओळीनं बांधलेली असत. बैलजोडी, गाय, तिची कालवड आणि शेवटी म्हैस. बैल सभ्य होते. म्हैस मात्र कुठलाच नियम पाळायची नाही, मधेच शिंग काढायची. तिला चुकवता चुकवता जी हुलकावणी अंगात भिनली ती पुढं बऱ्याच जणींना महागात पडली. आई शेण काढता काढता हे सगळं बघायची.

त्या जूनला शाळेत खेळाचे नवीन सर आले. सडपातळ अंगाचा, चिडका माणूस, गळ्यात कायम शिट्टी. मुलींचे आजार ऐकून ते हेडसरांना म्हणाले, “सर, इथं शाळा काढायच्या ऐवजी दवाखाना काढायला पाहिजे होता.” मग त्यांनी जाहीर केलं की चक्कर, पित्त, गोळा यापुढं चालणार नाही. आजार मोठा पाहिजे आणि तो पालकानं समोर येऊन सांगायला पाहिजे. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. आमच्या घरात मोठा आजार होता कुठं?

पण मी आत्याला हिशेबात धरलंच नव्हतं.

आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. गावातच दिलेली. तिच्या सासरात आणि माहेरात एक गल्ली होती आणि तिचा बराचसा दिवस त्या गल्लीतच जायचा. गावातली निम्मी लग्नं तिनं जुळवलेली आणि उरलेली तिला न विचारता झाली म्हणून ती नावं ठेवायची. आबा चांगले धिप्पाड, पण बहिणीपुढं त्यांचा आवाज फुटत नसे. दोघं शाळेत आले. मी दाराशी उभी. सरांनी विचारलं, “काय होतंय मुलीला?” आबांना खोटं बोलायची सवय नव्हती. “आता म्हंजे… तसं बघितलं तर…” असं करत ते हातातली टोपी फिरवायला लागले. आत्याला ते बघवेना.

“काळजाला भोक हाय लेकराच्या,” ती म्हणाली.

हे भोक तिला आदल्याच आठवड्यात तुळजापूरहून येताना एसटीत सापडलं होतं. शेजारच्या बाईच्या नातवाचं ऑपरेशन झालं होतं, त्याची सगळी कहाणी तिनं डोळे पुसत ऐकली होती आणि पदरात बांधून आणली होती. सरांचा चेहरा खर्रकन उतरला. आबांचाही उतरला, कारण त्यांनाही ही बातमी नवीनच होती. सर उठून माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, तू सावलीत बसत जा.”

त्या दिवसापासून माझं फार चांगलं चाललं, आणि तेच वाईट होतं. मुली माझं दप्तर उचलायच्या. खिचडी खरं तर आठवीपर्यंतच्यांना, तरी खिचडीवाल्या काकू पहिलं ताट मला वाढायच्या. गणिताच्या बाई, ज्यांनी आयुष्यात कुणाची गय केली नव्हती, त्या माझं चुकलेलं उदाहरण बघून नुसता उसासा टाकायच्या. तांदूळ निवडायलाही मला मनाई झाली, दम लागेल म्हणून. आठवीतल्या एका मैत्रिणीनं मला घरून आणलेली चिंच दिली आणि ती रडायला लागली. मी चिंच खाल्ली. खरं सांगायचं तर काय सांगणार होते? बापाला आणि आत्याला खोटं पाडायचं धाडस माझ्यात नव्हतं.

सगळ्यात जास्त झोंबायचं ते वेगळंच. बाकीच्या पालकांना एवढा भारी आजार सुचला नव्हता. त्यांच्या मुलींची सूट गेली आणि त्यातल्या काही जणी नाइलाजानं मैदानावर आल्या; बाकीच्या खेळाच्या दिवशी घरीच आजारी पडायच्या. त्या अशा पळायच्या की जणू डोक्यावर पाण्याचा हंडा आहे. आणि मी, जी म्हशीला हुलकावणी देत होते, ती लिंबाखाली बसून त्यांना बघत होते. मला इतका राग यायचा की छातीत खरंच काहीतरी दुखायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा ताईला ईट गावचं स्थळ आलं. ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मुलगा पुण्यात कंपनीत, घरी शेती. स्थळ अर्थातच आत्यानं आणलेलं. मुलानं ताईला विचारलं, “पुढं शिकायचंय का?” आजवर असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आत स्वयंपाकघरात येऊन ती मला हळूच म्हणाली, “माणूस बरा वाटतोय गं.” ताई असं काही सहजासहजी बोलणारी नव्हे, म्हणून मी ओळखलं की तिच्या मनात भरलंय.

पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत विचारलं, “आमी ऐकलं, धाकटीच्या काळजाला भोक हाय म्हणं?”

त्यांच्या बहिणीची मुलगी आमच्या शाळेत आठवीला होती. मला चिंच दिलेली तीच.

घरात अशी शांतता पसरली की गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू यायला लागली. आबांनी टोपी काढली. आत्या एकदम पुढं सरसावली. “न्हाय न्हाय, विहीणबाई, तसं न्हाय. ते भोक शाळेपुरतं हाय!”

“शाळेपुरतं म्हंजे?”

“म्हंजे घरी आली की न्हाय.”

बाईंनी रिकामा कप आणखी दूर सारला. मग म्हणाल्या, “हे बघा, आमचं काय न्हाय. पण असलं घराण्यात उतरतं म्हणत्यात. उद्या नातवंडं व्हायची. आमी कळवतो.” ‘कळवतो’ म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. पाहुणे गेल्यावर ताई उष्टे कप विसळत बसली. विसळलेलेच कप ती परत परत विसळत होती.

डॉक्टरचा दाखला आणावा असं आबा म्हणाले. आत्यानं तो बेत हाणून पाडला. “दाखल्यावर कोण इस्वास ठेवतंय? लोकांनी डोळ्यानं बघितलं पायजे.” म्हणजे काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं, पण तेवढ्यात नशिबानं नियम आला. तालुक्याच्या शालेय स्पर्धांत त्या वर्षापासून, ज्या शाळेचा मुलींचा संघ नाही तिचा मुलांचाही घेणार नाही, असं ठरलं.

गावावर आभाळच कोसळलं. आमच्या मुलांचा संघ तालुक्यात गाजलेला. कॅप्टन सरपंचांचा मुलगा. सरपंच स्वतः दारोदार फिरून मुलींच्या तब्येतीची चौकशी करू लागले, आणि ते ज्या दारातून बाहेर पडायचे तिथला आजार त्यांच्या मागोमाग बाहेर पडायचा. दम गेला, पित्त गेलं, पोटातले गोळे विरघळले. आमच्या आरोग्य केंद्राला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते एका नियमानं करून दाखवलं. मुलींना खेळू द्या असं कुणी म्हणत नव्हतं हं. मुलांचं अडलंय, तेवढं निभावून न्या, असं म्हणत होते. तरी संघाला एक मुलगी कमी पडत होती.

आत्या आबांना घेऊन शाळेत हजर. “आमच्या पोरीला घ्या.”

सर उठून उभेच राहिले. “अहो, लेकराच्या जिवाशी खेळू का मी? काळजाला भोक आहे तिच्या!”

आता खरं सांगायची वेळ आली होती. आबांनी तोंड उघडलं. पण आत्यानं जन्मात कधी शब्द मागं घेतला नव्हता. ती म्हणाली, “बुजलं. देवीला नवस बोलले होते, बुजलं.”

सर चिडके होते, पण बिनडोक नव्हते. त्यांनी आत्याकडं बघितलं, आबांच्या फिरणाऱ्या टोपीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. “पळून दाखव,” ते म्हणाले. जूनपासून मी या दोन शब्दांची वाट बघत होते. मुलं सरावाला ओळीनं बसलेली होती. चपला लिंबाखाली काढल्या आणि मुलांच्या मधून साखळी घेत सुटले. खांबाला वळसा घालून परत आले, सरपंचाच्या मुलाला हुलकावणी दिली, तो तोंडावर पडला. सरांच्या ओठातली शिट्टी खाली गळली.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“आमच्या म्हशीनं,” मी म्हटलं. ते पहिल्यांदा हसले.

स्पर्धा वाशीला होत्या आणि नेमका त्या दिवशी बाजार होता. ईटची माणसं बाजाराला येणारच, तेव्हा जाता जाता मैदानावर डोकवा, असा निरोप आत्यानं धाडलेला. मुलाची आई आणि मामा आले, भाजीच्या पिशव्या घेऊन रेषेच्या कडेला उभे राहिले. आत्या त्यांना चिकटून. ताईलाही आणलं होतं. साडी, डोक्यावर पदर, नजर खाली. ज्या मैदानावर तिचं लग्न ठरायचं होतं तिथं तिला वर बघायचीसुद्धा सोय नव्हती.

सामना सुरू व्हायच्या आधी आत्यानं मला बाजूला घेतलं. “ध्यानात ठेव. धाप लागलेली दिसता कामा नये. तोंड मिटून पळ.” ती गेल्यावर ताई पाण्याची बाटली द्यायचं निमित्त करून आली. ती पुटपुटली, “तिचं ऐकू नको. तोंड उघडून पळ. माझं व्हायचं ते होईल.” आणि पदर सावरत परत जाऊन उभी राहिली.

मी तोंड मिटून पळाले. ताईनं तसं म्हटलं नसतं तर कदाचित उघडलं असतं. ज्यांनी कधी खो-खो खेळलाय त्यांना कळेल, तोंड मिटून साखळी घेणं म्हणजे नाक दाबून जेवण्यातला प्रकार. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. माझ्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या, मी एकटी उरले. समोरच्या मुली एकामागून एक खो देत अंगावर येत होत्या आणि कडेनं आत्याचं समालोचन चाललेलं: “बघा, धाप न्हाय! बघा विहीणबाई, हूं का चूं!” एकदा मी घसरून पडले, गुडघा फुटला, तर ती ओरडली, “रगत बघा कसं लालभडक हाय!” पंचांनी तिला दोनदा रेषेच्या मागं ढकललं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा मी अजून पळतच होते. सामना आम्ही हरलो, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मुलाची आई पिशवी मामांच्या हातात देऊन थेट माझ्याकडं आली. आशीर्वाद द्यायला म्हणून हात उचलला आणि तो डोक्यावर न ठेवता माझ्या छातीवर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. सगळं मैदान बघत होतं. माझं काळीज तेव्हा ढोलासारखं वाजत होतं. बाईंनी मान डोलवली आणि मामांना म्हणाल्या, “ठोके खणखणीत हायत.”

आठवड्यात सुपारी फुटली.

सुपारी फुटली आणि आत्या म्हणाली, “काम झालं. आता सूट घिऊन टाकू. पोरगी पार कोळसा झालीया.” मी रडले, ओरडले, जेवले नाही. सरांनी जिल्ह्याच्या निवड चाचणीला माझं नाव दिलेलं होतं. इतक्या दिवसांनी मैदानावर पाय टेकले होते आणि आता परत तांदूळ. मी आईकडं बघितलं. शेण काढता काढता ती एवढंच म्हणाली, “जाऊ दे तिला शाळेत. बघू काय सांगतीया.”

आत्या गेली. मी मागोमाग. सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. “देतो की सूट,” ते अगदी गोडीनं म्हणाले. “कारण काय सांगताय?”

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. चक्कर म्हणावं तर चक्कर ईटला पोचणार. दम म्हणावं तर दम पोचणार. साधं पडसं म्हटलं तरी ती चिंचवाली पाहुणी आठवीच्या वर्गात बसलेलीच होती. तिनं पाणी पिऊन टाकलं, पदरानं घाम पुसला. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच तिला आजार सुचेना. शेवटी उठत म्हणाली, “काय न्हाय सर. पोरगी दणकट हाय, एवढंच सांगायला आल्ते.”

तेव्हापासून माझी तब्येत ठणठणीत असणं ही घराण्याची गरज होऊन बसली. आधी ताईचं लग्न पार पडेपर्यंत, मग तिला मूल होईपर्यंत, मग ते मूल चांगलं बाळसं धरेपर्यंत. तोवर मी बारावी झाले, राज्यापर्यंत खेळून आले, आणि आता कुणी मला बसवू म्हटलं असतं तरी मी बसणारी राहिले नव्हते.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. हळदीच्या दिवशी सकाळी ताईच्या हातांना हळद लावताना मी लाडानं म्हटलं, “बघ, मी पळाले म्हणून तुझं जमलं.” ती हसली आणि म्हणाली, “व्हय की. पर मला पळता येतं का, ते कुणी इचारलंच न्हाय गं.” मी हळद लावत राहिले.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिची लेक आता आठवीला आहे आणि खो-खोत तिचं नाव आलंय. ताईच्या सासूबाई, त्याच ठोके मोजणाऱ्या, म्हणाल्या, ऊन लागतं, शाळेत जाऊन सूट मागून या.

“मग?” मी विचारलं.

“म्या म्हणलं, मागते की. काळजाला भोक हाय म्हणून सांगते. आमच्या घराण्यात असतंयच.” ताई फोनवर खिदळत होती. “दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः बाजारात जाऊन पोरीला खेळायची चड्डी घिऊन आली.”

मी पोट धरून हसले. मग विचारलं, “सकाळी सरावाला सोडायला कोण जातं तिला?”

“मीच जाते.” मग म्हणाली, “काल एक पोरगी आली नव्हती. त्यांच्या बाई म्हणल्या, तुमी बसा जरा रांगेत. मी पदर खोचून बसले. आणि कुणीतरी मागनं पाठीवर थाप मारली, खो म्हणून.”

“मग?”

“मग काय, उठले आणि पळाले.”

“धाप लागली?”

“लई,” ताई म्हणाली. “तोंड उघडून पळाले.”